थोरलीचे पॉइंट

गाडी बंद पडली ती नेमकी चौकात. पुढे हिरवा दिवा, मागे हॉर्नचा कलकलाट, आणि मधोमध ती फिकट पिवळी, गोल पाठीची जुनी गाडी… रुसून बसकण मारलेली. स्टिअरिंगमागच्या मुलीचे कान तापून लाल झाले. किल्ली फिरवावी तर गाडी नुसती खोकायची, आणि गप्प.

"ढकलू का?"

खिडकीत एक चेहरा आला. गालावर काळा ओघळ, हसरे डोळे, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली एक जडशी बॅटरी.

"म्हणजे… आधी ही खाली ठेवतो," तो म्हणाला. "मग ढकलतो."

इतक्या गोंधळातही तिला हसू फुटलं.

गाडी कडेला, झाडाच्या सावलीत लागली. त्याने बॉनेट उघडलं, तशी तीही उतरून शेजारी उभी राहिली.

"पॉइंट जळलेत," ती म्हणाली.

त्याने मान वळवून पाहिलं. "अरे वा! मग मी निघू?"

"कळणं वेगळं. हत्यार कुठंय माझ्याकडे?"

"माझ्याकडेही नाही. मी बॅटरी पोचवायला निघालोय. पर्समध्ये काय आहे तुमच्या?"

पर्समधून कंगवा निघाला, चाव्या निघाल्या, चष्मा पुसायचं फडकं निघालं, आणि शेवटी एक नेलफाइल.

"हीच द्या!"

"अहो, ती नखांची आहे."

"मग थोडी गाडीची नखं घासू."

त्याने डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आत पॉइंट, म्हणजे धातूचे दोन इवलेसे तुकडे, समोरासमोर होते. गाडी चालते ती या दोघांच्या जिवावर. ते भेटतात, सुटतात, पुन्हा भेटतात. आणि ज्या क्षणी सुटतात, त्याच क्षणी तिकडे प्लगमध्ये ठिणगी पडते. दोघांमधलं अंतर, म्हणजे गॅप, जाड पुठ्ठ्याएवढं. कमी झालं तरी गाडी कुरकुरते, जास्त झालं तरी कुरकुरते. त्याने जळके डाग हलक्या हाताने घासले, टोपण लावलं. "मारा किल्ली."

गाडी गुरगुरली आणि सुरू झाली.

घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, नेलफाइल त्याच्याच खिशात गेली.

त्याला शोधणं अवघड नव्हतं. पेट्रोल पंपामागे त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि आसपासचे सगळे त्याला 'ठिणगी' म्हणत. तिचा तर घरात जन्मापासून एकच पुकारा, धाकटी. थोरली म्हणजे ती गाडी. बाबा म्हणायचे, "थोरली तुझ्याआधी घरात आलीय. तिचा मान पहिला." बाबांचं चष्म्याचं दुकान. आयुष्यभर त्यांनी लोकांचे चष्मे नीट केले आणि सुट्टीच्या दिवशी थोरलीचे पॉइंट. धाकटीला त्यांनी दोन्ही कामं शिकवली. पण आता बाबांचे हात कापायला लागले होते. दुकान लेकीने सांभाळलं. पॉइंट लावायला मात्र तिने ठिणगीला बोलावलं. येत असूनही बोलावलं, हे तिने बाबांना सांगितलं नाही.

तो आला, बॉनेटमध्ये वाकला. गॅप बसवायला त्याला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ त्याने चहा पिण्यात घालवला.

"नेलफाइल?" तिने विचारलं.

"दुकानात राहिली. पुढच्या वेळी आणतो."

पुढच्या वेळी! दारातून आत येताना ती गुणगुणत होती.

पण पॉइंट एकदा नीट लावले की महिनोनमहिने चालतात. थोरली अशी शहाण्यासारखी पळायला लागली की विचारू नका. धाकटी रोज किल्ली फिरवताना कान देऊन ऐकायची. कुठे अडखळते का? छे! मेली अडखळेना.

मग एके दुपारी तिने दुकानातला चष्म्याचा छोटा पेचकस पदराआड आणला… आणि पॉइंटचा स्क्रू जरासा सैल करून गॅप वाढवून ठेवला. जरासाच.

"मिसिंग करतेय, मधेच अडखळते," तिने फोनवर सांगितलं.

"आलोच," तो म्हणाला. आणि खरंच, चहा उकळायच्या आत आला.

असं पुढे होतच राहिलं. थोरली कुरकुरायची, ठिणगी यायचा. तो वाकून काम करायचा, ती टॉर्च धरायची. टॉर्चचा उजेड कधी कधी पॉइंटवरून सरकून त्याच्या मनगटावर जायचा.

"उजेड इकडे," तो खाली मान घालूनच म्हणायचा.

"तिकडेच आहे."

"मग माझा हात एवढा का चमकतोय?"

नेलफाइल मात्र दर वेळी दुकानात राहायची.

आणि मग एकदा स्क्रू जरा जास्तच फिरला. बाबांना त्यांच्या मित्राकडे घेऊन ती निघाली होती. पुलावर चढताना थोरली गचके खात थांबली ती थांबलीच. भर दुपार. पुलावर ना झाड ना आडोसा. गाडीत भट्टी झाली, म्हणून बाबा बाहेर येऊन कठड्याला टेकले. कापऱ्या हातात रुमाल, आणि त्या रुमालाला कपाळ सापडेना.

तिचा फोन गेला तसा ठिणगी धावत आला. बॉनेट उघडून त्याने आत पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हसला नाही.

"थोरली अलीकडे फार आजारी पडते रे," बाबा म्हणाले.

धाकटीची मान खाली गेली ती वर होईना.

गाडी सुरू करून दिल्यावर तो म्हणाला, "काका, हे पॉइंट काढूनच टाकू. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. आत एक चुंबक फिरतो आणि एक छोटी डबी त्यावरून ठिणगीची वेळ ओळखते. घासणं नाही, झिजणं नाही."

"म्हणजे… सारखं कुणाला बोलवायला नको," धाकटी हळूच म्हणाली.

"अजिबात नको."

किती सहज म्हणाला!

"जुन्या गाडीत जुनंच बरं," ती म्हणाली. "नाही का हो बाबा?"

तिला वाटलं, बाबा तरी अडवतील. पण बाबा रुमालाची घडी घालत म्हणाले, "बसव रे बाबा. पोरीच्या मागची कटकट तरी जाईल."

ठरल्या दिवशी ठिणगी सकाळीच आला. धाकटी टॉर्च धरून उभी राहिली. आज उजेड अगदी जागच्या जागी होता. त्याने पॉइंट सोडवले, चुंबकाचं कडं दाबून बसवलं, डबी घट्ट केली, दोन वायरी कॉइलला जोडल्या. पहिल्याच किल्लीला थोरली सुरू झाली. ना खोकला, ना गचका.

बाबा खिडकीत बसून ऐकत होते. "रेशीम!" ते म्हणाले, आणि चहा टाकायला म्हणून आत गेले. बाबा कधीच चहा टाकत नसत.

ठिणगीने काढलेले पॉइंट पुसून कागदात गुंडाळले आणि गाडीच्या कप्प्यात ठेवले. "जुने टाकायचे नसतात. नव्याने कधी दगा दिला तर हाताशी असावेत." मग खिशात हात घातला. "आणि ही तुमची."

नेलफाइल.

तिने ती घेतली. म्हणजे हिशेब मिटला तर. "झालं का तुमचं काम?"

"एक राहिलंय." तो फडक्याने बोटं पुसत राहिला, पुसून झाली तरी पुसत राहिला. "पॉइंट उघडणारी टाच झिजली की त्यांच्यातला गॅप कमी होत जातो. कमीच होतो. आपोआप वाढत कधी नाही."

तिने टॉर्च विझवली.

"तुमच्या थोरलीचा मात्र मला दर वेळी वाढलेला सापडायचा."

टॉर्च हातातून सुटता सुटता राहिली.

"आणि स्क्रूच्या खाचेत बारीक ओरखडे. एवढा इवलासा पेचकस गॅरेजवाल्याकडे नसतो. चष्मेवाल्याकडे असतो."

"कधी… कधी कळलं?"

"पहिल्याच वेळी."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या वेळी बोलावलं असतं का?"

तिने चेहरा ओंजळीत झाकला. बोटांच्या फटीतून आवाज आला, "मला वाटलं, तुम्हाला यायचा कंटाळा आला."

"कंटाळा! नेलफाइल काय उगाच विसरत होतो?" मग त्याचा सूर उतरला. "पण त्या दिवशी पुलावर काकांना पाहिलं… आणि माझीच मला लाज वाटली. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो."

"मी तर केलं होतं," ती म्हणाली. डोळे भरले होते. "त्यांना रुमाल धरवत नव्हता हो."

"म्हणून म्हटलं, गाडी आधी धडधाकट करू. तिला आजारी पाडून नको भेटायला." तो पेटी उचलून फाटकापर्यंत गेला आणि वळला. "रविवारी येतो. पेटी न घेता. दार उघडायचं की नाही, तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी तिने बाबांच्या खुर्चीजवळ बसून सगळं सांगून टाकलं. पुलावरच्या दुपारीसकट. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"हात कापतात माझे," ते म्हणाले. "कान नाही कापत. थोरली कशाने खोकते ते मला कळत नाही होय?"

"मग रागावला का नाहीत?"

"पुलावर रागावलो होतो. फार. पण तो काम करत होता आणि तू त्याच्यावर पदराची सावली धरून उभी होतीस. म्हातारा बाप उन्हात, आणि पोरगी…" ते खुदकन हसले. "म्हटलं, हिचं काही खरं नाही आता. पण पुन्हा असं करायचं नाही."

"नाही बाबा."

रविवारी फाटक वाजलं तेव्हा धाकटी आधीच दारात होती. ठिणगी आला होता. धुतलेला शर्ट, ओले केस, रिकामे हात. ते हात घासून घासून इतके स्वच्छ केले होते की तिला ते ओळखूच येईनात. सवयीने तो थोरलीपाशी जाऊन थांबला, आणि पुढे कुठे जायचं ते कळेना म्हणून तिथेच उभा राहिला.

"तू उघडलंस दार," तो म्हणाला.

"केव्हाच," ती म्हणाली.

खिडकीतून बाबांचा आवाज आला, "कोण, ठिणगी का रे? थोरलीला काय झालं?"

"काही नाही काका. ठणठणीत आहे."

"मग कसा काय आलास?"

त्याने एकदा धाकटीकडे पाहिलं. आज हात रिकामे होते आणि लपायला बॉनेटही उघडं नव्हतं.

"धाकटीकडे आलोय."

आत खुर्ची करकरली.

"मग त्या गाडीपाशी काय उभा राहिलास?" बाबा म्हणाले. "घरात ये."