चोवीस अंश पश्चिम

धैर्यशील होकायंत्र मागायला माडीवरून खाली उतरला, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. परदेशात जहाज चालवण्याचं शिक्षण घेऊन तो पेठ वडगावला परतला होता. गावातल्या पोरांना फुकट शिकवायचं, त्यांना समुद्रावर न्यायचं, हे एकच वेड त्याच्या डोक्यात होतं. वर्गासाठी माडी दिली होती शांतादेवींनी; सगळे त्यांना आव्वा म्हणत. त्यांचा मुलगा शशिधर जहाजावर अधिकारी होता. २०१४ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून परतताना ते जहाज बेपत्ता झालं.

ट्रंकेतून शशिधरने त्या सफरीआधी घरी ठेवलेलं होकायंत्र आणि नकाशा काढून देत त्या म्हणाल्या, "माझा भाऊ शिवय्या शनिवारी कागद घेऊन येतोय. पोरगं मेलं म्हणून सही कर म्हणतोय. तू शिकलेला हाईस. काय करू, सांग की."

"आव्वा, मी काय सांगणार?"

माडीवर त्याने काठीच्या सावलीवरून खरी उत्तर दिशा काढली आणि फरशीवर खडूने रेघ मारली. होकायंत्राची सुई अशा रेघेपासून थोडी हटूनच थांबते. किती हटते, ते जागेवर आणि सालावर ठरतं. वडगावात हा फरक जेमतेम अंशभर. ही सुई मात्र चोवीस अंश पश्चिमेकडे वळलेली. त्याने लोखंडी कपाट बाहेर ओढलं, भिंतीतले खिळेसुद्धा उपटले. दुसऱ्या दिवशी सुई अठरावर. मग अकरावर. आभाळ भरून आलेलं, खोलीत दिवसाही अंधार, आणि कुठूनतरी ओल्या दोरखंडाचा वास.

नकाशावर शशिधरने निघण्यापूर्वीच परतीचा मार्ग पेन्सिलीने आखला होता. सुईचा ठिकठिकाणचा फरक त्यावर छापलेला होता; आफ्रिकेच्या टोकाजवळ चोवीस. सुईचा रोजचा आकडा त्या मार्गावर पुढेपुढे सरकत होता. घराकडे. धैर्यशील धावतच खाली गेला.

"आव्वा, सही करू नका. तो येतोय."

शनिवारी शिवय्या कागद तसेच घेऊन परत फिरला. "कालच्या पोराच्या नादाला लागलीस व्हय गं, आक्का?" आव्वांनी पुरण शिजत घातलं.

त्याच दुपारी धैर्यशीलला आपली चूक दिसली. नकाशा २०१४चा होता. फरक दरसाल बदलतो, म्हणून जुन्या नकाशाला मधल्या वर्षांची दुरुस्ती करायची, हे तो पोरांकडून रोज घोकून घ्यायचा. स्वतः मात्र विसरला होता. त्याने अकरा वर्षांची दुरुस्ती केली, तर नकाशावर जहाजाची वाट जमिनीवर चढली. पुन्हा केली. पुन्हा तेच. दुरुस्ती न करता मात्र वाट स्वच्छ पाण्यातून येत होती.

सुई आजची नव्हतीच. जो कोणी येत होता, तो अजून त्याच सालातून चालत येत होता.

सुई हलकेच सरकली, वडगावच्या तेव्हाच्या आकड्यावर आली आणि थांबली.

खाली कडी वाजली.

"आव्वा... दार उघडू नका..." तो जिन्याकडे धावत ओरडला.

दार करकरलं. जिन्याखालून आव्वांचा दबका आवाज आला.

"धैर्या... हा आत येत न्हाय. उंबऱ्याभाईर उभा राहून विचारतोय... साल कुठलं चाललंय? काय सांगू रं?"