टोच्याचा हात

टोच्याला हात होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून उभी होते. गार, धातूचा, कोपरापाशी तेलाचा वास येणारा. आणि टोच्या मला सांगत होता, "क्षमस्व. मला हात जोडलेला आढळत नाही."

"मग हे काय आहे?" मी तो हात हलवून विचारलं.

"क्षमस्व. मला हात जोडलेला आढळत नाही."

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजताची ही गोष्ट. दोन तासांपूर्वी ह्याच टोच्यानं ह्याच हातानं माझ्यासाठी चंद्राचा एक तुकडा टोचून दिला होता. मग मधल्या दोन तासांत असं काय झालं, की तो स्वतःचा हातच विसरला?

माझं नाव इंद्रायणी मगदूम. सगळे इंदू म्हणतात. मी सातवीत आहे आणि मिरजेजवळच्या मुलींच्या अंधशाळेत राहते. मला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अरेरे" म्हणत वाचणार नाही.

टोच्या हा आमच्या वाचनालयातला एकहाती रोबो. त्याचा मेंदू म्हणजे टेबलावरचा एक जुना पर्सनल संगणक. त्याच्या हातात सुई असते. ती जाड कागदावर खालून टोचली की वर ठिपका उठतो, आणि अशा ठिपक्यांची ब्रेल लिपी (बोटांनी वाचायची लिपी) आम्ही वाचतो. अक्षरं टोचणारी यंत्रं २०४६ साली पुष्कळ आहेत. पण टोच्या सात वेगवेगळ्या उंचीचे ठिपके उठवतो, त्यामुळे कागदावर डोंगर चढतो आणि दरी उतरते. असा दुसरा रोबो पुण्यातही नाही, मी चौकशी केली आहे.

त्याला शिरीन सतारमेकर मॅडमनी बनवलं. त्यांच्या घरात चार पिढ्या सतारी घडतात. मॅडम मात्र संगणकशास्त्रज्ञ झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन महिन्यांची रजा काढली, वडिलांच्या कारखान्यातल्या कारागिरांना हाताशी धरलं आणि आमच्या शाळेसाठी हा हात तयार केला. एक रुपया घेतला नाही. आता त्या बाहत्तर वर्षांच्या आहेत आणि तरी दर मंगळवारी, गुरुवारी स्कूटरवरून येतात. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटतं, की त्या आल्या की मी उगाचच ताठ बसते.

आता त्या चंद्राबद्दल. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या आपल्या तळावर सहा चाकांची एक गाडी आहे. वर्षातून एकदा ती निवडक शाळकरी मुलांना दहा-दहा मिनिटं चालवायला देतात. मिरजेत बसून आपण बोलायचं, तिकडे गाडीनं चालायचं. अट अशी, की गाडीकडे फक्त कॅमेरा असतो आणि नकाशा मुलांकडे. यंदा माझी निवड झाली होती. शनिवारी सकाळी अकराची वेळ. डोळस मुलं नकाशा पडद्यावर बघणार, मला तो बोटांखाली हवा. बारा तावांचा नकाशा होता आणि दोनच ताव झाले होते. नकाशाशिवाय गाडी हाती देणार नाही, असं आयोजकांनी स्वच्छ लिहिलं होतं.

त्यातच आठवडाभर टोच्यानं एक नवीनच टुमणं लावलं होतं. काम चालू असताना मध्येच थांबून तो म्हणायचा, "तुमच्यासाठी नवी आवृत्ती तयार आहे. आता बसवू, की नंतर आठवण करून देऊ?" दिवसातून आठ वेळा. "नको" म्हणायची सोयच नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी येतो आणि विचारतो, जिलबी आत्ता वाढू की दोन मिनिटांनी? तसलाच हा आग्रह. मॅडम असल्या की त्या, नसल्या की मी, आठही वेळा "नंतर" म्हणायचो.

गुरुवारी मॅडम मला डोंगरांची आणि खड्ड्यांची नावं वाचून दाखवत होत्या आणि मी ती सहा कळांनी ब्रेलमध्ये लिहीत होते. मॅडम एकीकडे आणि टोच्या दुसरीकडे, असे दोघंही कानात बोलायला लागले म्हणून मी टोच्याचा आवाज बंद केला होता. एक नाव लिहायचं, एंटर दाबायचं. पुढचं नाव, एंटर. मॅडमचं सगळं लक्ष हातातल्या यादीकडे.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "इंदू, थांब गं. पडद्यावर टक्के पळायलेत."

"कसले टक्के?"

"नवी आवृत्ती बसायला लागली की. तू 'हो' म्हणालीस?"

"मी काहीच म्हणाले नाही."

"बंद करा ना मग," मी पुढे म्हटलं. पण मधेच बंद केलं तर जुनी प्रणालीही जायची आणि नवीही यायची नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघी हात बांधून बसलो. शेवटी टोच्या जागा झाला आणि एका नव्याच, गुळगुळीत आवाजात म्हणाला, "नमस्कार. मी आता अधिक वेगवान आहे." मी त्याला तिसरा ताव टोचायला सांगितला, आणि त्यानं ते हाताचं उत्तर दिलं.

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही.

मॅडमनी मला रडू दिलं. मग खुर्ची जवळ ओढली. "आधी काय झालं ते समजून घेऊ. मग काय करायचं ते बघू. मारुतीमामा रजेवर गेले होते तो महिना आठवतो तुला?"

आठवत होता. मारुतीमामा आमच्या शाळेचे शिपाई. घंटा त्यांची, किल्ल्या त्यांच्या, कुणाला कुठल्या खोलीत पाठवायचं तेही तेच बघतात.

"संगणकातही असा एक शिपाई असतो," मॅडम म्हणाल्या. "त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली). तू कळ दाबलीस, की ती कुणापर्यंत पोचवायची, कागद कुणाला द्यायचा, आवाज कुठून काढायचा, सगळं ती ठरवते. मामा रजेवर गेल्यावर बदली शिपाई आला होता. त्यानं काय घोळ घातला?"

"वाद्यांची खोली उघडली नाही. ते दार जरा वर उचलून खाली लाथ मारावी लागते. मामांना माहीत होतं. तो म्हणाला, ही खोली बंदच असते."

"झालं तर. दार उचलायचं आणि लाथ मारायची, ही जी माहिती आहे ना, तिला ड्रायव्हर म्हणतात (एखादं यंत्र कसं चालवायचं हे प्रणालीला सांगणारा छोटा प्रोग्राम). हाताचा ड्रायव्हर मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला, तोही जुन्या शिपायाच्या भाषेत. नव्याला ती येत नाही. त्याच्या लेखी ती खोलीच नाही. टोच्या खोटं बोलत नाही गं, त्याला खरंच हात सापडत नाही."

मग मला राहवेना. "पण मी 'हो' कधी म्हणाले?"

मॅडमनी माझं बोट धरून एंटरवर ठेवलं. "तू लिहीत होतीस आणि मधेच ती प्रश्नाची चौकट पुढे आली. येताना तिनं फोकस घेतला (दाबलेली कळ कोणत्या चौकटीला ऐकू जाईल, तो मान). तुला वाटलं, कळा तुझ्या यादीला जातायत. त्या जात होत्या चौकटीला. आणि चौकटीतलं पहिलं बटण आधीपासून निवडलेलं होतं. 'हो, आता.' तू ओळ संपली म्हणून एंटर दाबलंस."

"म्हणजे चूक माझीच."

"अजिबात नाही." मॅडमचा आवाज एरवी चढत नाही, तेव्हा चढला. "माणूस दुसरं काम करत असताना त्याच्या बोटाखाली कागद सरकवायचा आणि नंतर म्हणायचं, बघा, तुमचा अंगठा आहे. ह्याला संमती म्हणत नाहीत. थोडी चूक माझी. अशी जुनी प्रणाली मी इंटरनेटला जोडून ठेवायला नको होती."

"मग नवी आवृत्ती कधी घेऊच नये," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"तसंही नाही," त्या म्हणाल्या. प्रणालीत चुकून चोरवाटा राहतात, असं त्यांनी सांगितलं. त्या सापडल्या की बनवणारे ठिगळ पाठवतात, त्याला सुरक्षेची दुरुस्ती म्हणतात, आणि ती वेळेवर घ्यावी. नाहीतर कुणीही आत शिरेल. पण वीस वर्षांपूर्वीच्या प्रणालीला कुणी किती दिवस ठिगळं लावणार? सगळे एकाच नव्या आवृत्तीवर आले की त्यांचं काम सोपं होतं, म्हणून ते मागे लागतात. "कारण वाईट नाही. विचारायची रीत वाईट आहे."

मग त्यांनी परतीचा रस्ता आहे का ते पाहिलं. पुष्कळदा नवी प्रणाली काही दिवस जुनीला बाजूला जपून ठेवते. पण आमच्या संगणकात जागा कमी, म्हणून तिनं जुनी पुसून टाकली होती. मॅडमच्या घरी जुन्या प्रणालीची एक प्रत होती. ती परत बसवता आली असती, पण मग त्या सगळ्या चोरवाटाही परत आल्या असत्या, आणि नकाशाचे उरलेले ताव तर इंटरनेटवरूनच यायचे होते. नवा ड्रायव्हर लिहायचा तर दोन महिने. आणि शनिवार तर परवावर आला होता.

मी मारुतीमामांचाच विचार करत होते. "मॅडम, मामा रजेवरून आले तेव्हा हेडबाईंनी त्या बदली शिपायाला काढलं नाही. तो चांगला दणकट होता, त्याला गेटवर ठेवलं. आणि आतल्या किल्ल्या मामांकडे दिल्या. तसं नाही करता येणार?"

खुर्ची करकरली. मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या.

"इंदू," त्या म्हणाल्या, "तू आत्ता काय बोललीस, तुला कळतंय का? ह्याला आभासी यंत्र म्हणतात (संगणकाच्या आत चालणारा, सगळा खऱ्यासारखा वागणारा दुसरा संगणक). दाराशी नवी प्रणाली. तिच्या पोटात एक खोली. त्या खोलीत जुनी प्रणाली बसवायची. तिला वाटतं, अख्खा संगणक आपलाच आहे. हाताचे निरोप नव्या प्रणालीनं फक्त आत-बाहेर पोचवायचे, पाकीट न फोडता. आणि आतल्या खोलीला इंटरनेटची खिडकीच ठेवायची नाही. मी म्हातारी ड्रायव्हर, ड्रायव्हर करत बसले आणि तू शिपायाला गेटवर बसवून मोकळी झालीस."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून जाणवते.

शुक्रवारी खरं तर मॅडमचा वार नव्हता. तरी आठाला त्या जुन्या प्रणालीची प्रत घेऊन हजर होत्या. पहिल्यांदा हात हललाच नाही. दुसऱ्यांदा हलला आणि भलतीकडेच गेला. अकराच्या सुमाराला आतल्या खोलीतून टोच्याचा जुना, किंचित घोगरा आवाज आला, "हात तयार आहे. कागद लावा." मी कागद लावला. सुईचा टकटक आवाज सुरू झाला. एका तावाला पाऊण तास. संध्याकाळी सातपर्यंत दहाही ताव झाले.

ते होईपर्यंत आम्ही त्या प्रणालीच्या कंपनीला पत्र लिहिलं. माणूस लिहीत असताना फोकस हिसकावू नका. "हो" आधीपासून निवडून ठेवू नका. "नको" हे बटण द्या, आणि ते दाबलं तर ऐका. त्यांचं उत्तर यंत्रानंच पाठवलं: आपली सूचना मिळाली. मॅडम म्हणाल्या, "अशा प्रणाली जिथं लिहितात तिथं तुमच्यातली कोणीतरी बसली पाहिजे."

"कोणीतरी कशाला?" मी म्हटलं. "मीच बसेन की."

शनिवारी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात मी नकाशा पुढ्यात मांडून बसले. सगळ्या वर्गांच्या मुली मागे. गाडीचा आवाज आला, शांत आणि आदबशीर. मी बोललेलं चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. आधी दोन वळणं झाली. सहा मिनिटं सुरळीत गेली.

मग गाडी म्हणाली, "पुढे सावली आहे. जमीन सपाट असावी. सरळ गेल्यास दोन मिनिटं वाचतील. सरळ जाऊ का?"

मागे कुणीतरी कुजबुजलं, "हो म्हण." मी बोट पाचव्या तावावर नेलं. दक्षिण ध्रुवावर सूर्य क्षितिजाशीच असतो, सावल्या लांबच लांब पडतात आणि कॅमेऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. पण हा नकाशा वरून फिरणाऱ्या यानानं लेसरनं मोजलेला (प्रकाशाचा किरण खाली सोडून तो किती वेळात परततो त्यावरून उंची काढतात). त्या किरणाला अंधाराशी काही देणंघेणं नसतं. बोटाखाली ठिपके उतरायला लागले. सहाव्या उंचीवरून पाचव्या, चौथ्या, दुसऱ्या. आणि मग नुसता कागद. पुढे मोठा खड्डा होता.

गाडी वाट बघत होती. मी घाई केली नाही. खड्ड्याची कड पूर्ण फिरून पाहिली.

"नको," मी म्हटलं.

एक सेकंद. दोन. अडीच.

"ठीक आहे," चंद्रावरून आवाज आला. "तुम्ही सांगा."

"डावीकडे," मी म्हटलं. "हळू." आणि तिकडे सहाही चाकं डावीकडे वळली.