हिरवा पुडा, पिवळा पुडा

"ऐक, ओरडतेय का आता?" व्हॅन अंगणात उभी करत मामाने ऐटीत विचारलं.

महिनाभर ब्रेक दाबला की चाकातून किंचाळी निघायची. मग मामाने आरशाला मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा टांगला. यंत्रापाशी हिरवा पुडा असला की ते शहाण्यासारखं वागतं आणि पिवळा असला की रुसून बसतं, हे तैवानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

किंचाळी थांबली होती खरी, पण बारा वर्षांच्या यू-थिंगने कान टवकारले. आता खरखर ऐकू येत होती. एकदा तिच्या सायकलीचे ब्रेक असेच खरखरले होते. तिने काणाडोळा केला आणि उतारावरून थेट भाजीवालीच्या टोपल्यांत जाऊन पडली.

मामा चहाला आत गेल्यावर ती आणि मामेभाऊ बो-आन विजेरी घेऊन चाकाशी वाकले. आतल्या लोखंडी तबकडीवर खोल चरे पडले होते. तिला आवळून धरणारं पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता.

"उद्या आमा याच गाडीतून घाट उतरणार," बो-आन पुटपुटला. आमा म्हणजे त्यांची आजी. मैत्रिणींना घेऊन ती देवळात जायची होती.

त्यांनी मामाला सांगून पाहिलं. त्याने हसण्यावारी नेलं. मुदत संपलेला पुडा चालत नाही, म्हणून त्याची तारीखसुद्धा आपण बघून घेतो, म्हणाला. पॅड मात्र त्याने कधी बघितलं नव्हतं. यू-थिंगला रडूच आलं. लाडक्या मामाला फसवायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण दुसरा उपाय सुचेना.

सकाळी उदबत्त्या, फळं घेऊन आजीमंडळ आलं. मामाने गाडीचं दार उघडलं आणि तो थबकला. आरशाला पिवळा पुडा लटकत होता! आज्या दोन पावलं मागे सरल्या. याच्याखाली आपण बसणार नाही, म्हणाल्या. नवा हिरवा पुडा आणावा तर दुकान अजून उघडलं नव्हतं.

"हिरवा कुठंय?" मामा गरजला.

बो-आनने गुपचूप भरल्या पोटावर हात ठेवला.

"मीच बदलला, मामा," यू-थिंग पुढे झाली. "नाहीतरी गाडी थांबलीच आहे. एक चाक काढून बघ. सगळं ठीक असलं तर मला हवं तेवढं ओरड."

मामाने रागारागाने जॅक लावला. चाक निघालं, पॅड हातात आलं आणि त्याने उरलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. त्याने आईकडे बघितलं, मग घाटाच्या वळणांकडे. 

आमाने यू-थिंगला जवळ ओढलं. "गुणाची गं माझी पोर," ती म्हणाली. "ह्याच्यापेक्षा तुझे कान तिखट आहेत."

संध्याकाळपर्यंत गॅरेजवाल्याने पॅड आणि तबकड्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी आज्या यू-थिंगला घेऊन निघाल्या, तेव्हा आरशाला नवा हिरवा पुडा होताच. त्याच्याशेजारी दोरीने बांधलेला तो झिजलेला पत्राही होता.

घाट सुरू होण्याआधी मामाने हलकेच ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"यू-थिंग, ऐक गं, ओरडतेय का आता?" तो म्हणाला. या वेळी तो खरंच विचारत होता.