एकवीस दिवसांचं पाणी

तुंगार्लीच्या बंगल्यातली जुनी मोरी मी पाडून घेतली, तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, यजमान जाऊन नऊ. मजूर राडारोडा तळ्याकाठी टाकायला निघाले, तोच फाटकाशी एक टेम्पो थांबला. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उतरले.

"हे मला द्याल?"

भंगारवाले का, असं मी विचारलं. ते हसले. नाव त्र्यंबकराव. परंदवडीला त्यांचा छोटा कारखाना होता. पाडकामाचा माल भरडून, त्यात राख आणि सिमेंट कालवून ते फरसबंदीचे ब्लॉक करायचे. अंगणातल्या शेवाळावर मी दोनदा घसरले आहे हे कळल्यावर म्हणाले, तुमच्याच मोरीची पायवाट करून देतो.

मे महिन्यात पायवाट झाली. राखाडी, खरबरीत... आणि पायरीशी एका ब्लॉकमध्ये यजमानांनी मोरीसाठी हौसेने आणलेल्या निळ्या फरशीचा तुकडा, मुद्दाम वर आणलेला. मी वाकून त्यावर बोट फिरवलं. त्र्यंबकराव दुसरीकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "एकवीस दिवस पाणी मारावं लागेल. तुम्हाला झेपायचं नाही. मी येत जाईन."

रोज सकाळी आठाला ते पाइप धरायचे, मी पायरीवर बसायचे. गवती चहा, त्यांच्या दिवंगत पत्नीची गाण्याची आवड, माझ्या वर्गातली द्वाड मुलं... नऊ वर्षांत मी एवढी बोलले नव्हते. पण मनात दिवस मोजत होते. बाविसाव्या दिवशी काय?

विसाव्या दिवशी, ते गेल्यावर, त्यांचा कामगार केरबा उरलेले दोन ब्लॉक घेऊन आला. ओली पायवाट बघून हसायलाच लागला.

"मावशी, ह्यांला पानी कशापायी? कारखान्यातच पानी पिऊन येत्यात हे. मालकांनीच शिकवलंय आमाला."

एकविसाव्या सकाळी पाऊस कोसळत होता. तरी ते आले — एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाइप.

"पावसात पाणी मारणार?"

"आज शेवटचा दिवस ना..."

"काल केरबा आला होता."

पाइप खाली झुकला. कान लाल झाले. त्यांनी विचारलं, "रागावलात?"

"एकवीस सकाळी दिल्यात तुम्ही मला. रागावू कशी?" मी नळ बंद केला. "पाणी पुरे आता. उद्यापासून नुसते या."

ते आले... आणि त्या दिवाळीपासून इथेच राहिले. आठाला आम्ही दोघं त्याच पायवाटेने फिरायला निघतो. निळ्या तुकड्यावर मात्र दोघंही पाय ठेवत नाही.