खुंटीवरचं जाकीट

बंदरामागच्या लांबट खोलीत युद्धभर दोनच तऱ्हेची जाकिटं दुरुस्तीला यायची. नौदलाची करडी आणि हवाई दलाची पिवळी. काम दोन्हींचं एकच, पाण्यात पडलेल्या माणसाला वर धरायचं. पंपाने जुन्या शिवणी उसवायच्या, म्हणून शिलाई झाली की जाकीट तोंडाने फुगवायचं, खुंटीला टांगायचं आणि सकाळी दाबून पाहायचं. फुगवण्यात तिथे शिवणाऱ्या बायकांतल्या एकीचा हात कोणी धरू शकत नसे. बाकीच्या तिला फुंकणी म्हणायच्या. "हिच्यापुढे नवऱ्याची काय बिशाद तोंड उघडायची," म्हणून हसायच्या.

नवरा खरंच कमी बोलायचा. तो सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. त्या बोटीची जाकिटं दुरुस्तीला आली आणि त्याच दुपारी तातडीचा हुकूम येऊन बोट तशीच निघाली. ढिगातलं त्याचं जाकीट तिने लगेच ओळखलं. कॉलरला लाल दोऱ्याची टीप तिचीच होती. तिने ते सगळ्यांत आधी फुगवून टांगलं.

सकाळी ते चिपाड झालं होतं. मागोमाग बोट बुडाल्याची बातमी आली.

ती घरी गेली नाही. घर खायला उठलं असतं. तिने जाकीट पुन्हा फुगवलं, हौदात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही. खुंटीला टांगताच ते बसायला लागलं. थोडं बसायचं, थांबायचं, पुन्हा थोडं बसायचं.

"अगं फुंकणे, टाक ते बाद ढिगात," मुकादमबाई म्हणाल्या.

"फुटलेलं नाही, बाई."

"मग हवा जाते कुठे?"

तिने नळीला ओठ लावले. पलीकडून कोणीतरी तिचा दम अधाशासारखा ओढून घेतला. मग थोडा परत सोडला. त्याला खारा वास होता, आणि लवंगेचा. नवऱ्याच्या किडक्या दाढेत कायम लवंग असायची.

तिने ओठ काढले नाहीत.

भोंगा झाला, बायका घरी गेल्या, परत आल्या. ती फुंकतच होती. मुकादमबाईंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं, तसं जाकीट खुंटीवर तडफडलं. बाईंनी हात सोडला.

दुपारी पलीकडची ओढ थांबली. ती मटकन खाली बसली आणि रडली.

संध्याकाळी एक वैमानिक टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याने विमान समुद्रावर उतरवून तिच्या नवऱ्याला उचलून आणलं होतं.

"वहिनी, आम्ही प्रेत उचलायलाच उतरलो होतो. पालथे होते, तोंड पाण्यात. उताणं केलं तर डोळे उघडे."

"किती वेळ होते तसे?"

"ते नका विचारू."

नवरा घरी आला. जेवू लागला, हिंडूफिरू लागला. तिला आभाळ ठेंगणं झालं. एका सकाळी ती त्याला निजलेला पाहत शेजारी पडली होती. त्याची छाती वरखाली होत होती, अगदी तिच्या छातीबरोबर. तिला गंमत वाटली.

तिने दम रोखला.

त्याची छाती थांबली.

तिचे कान वाजायला लागले. त्याने डोळे उघडले. तो विनवल्यासारखा बघत राहिला.

तिने घाईघाईने श्वास घेतला. त्यानेही घेतला.

थंडी पडली तसा तिला खोकला लागला.