चित्र आलं का?

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या थोरल्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

रविवार होता. दिवेलागणीची वेळ. मावशीचं कौलारू घर, रस्त्याच्या अगदी टोकाचं.

घरात ती आणि काका, दोघंच. झटका आल्यापासून काकांची वाचा गेलेली. उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची. टीव्ही हाच काय तो विरंगुळा.

वादळात छतावरचा अँटेना मोडला, आणि काकांनी तोंडच मिटून घेतलं. घास घेईनात. मावशीने विनवण्या केल्या, चिडून पाहिलं. दातखीळ काही सुटेना.

"ताई, हा लांब दांड्यांचा अँटेना घ्या," दुकानदार म्हणाला. "छतावर नको, माळ्यावर लावा. कौलांतून सिग्नल येतो. फक्त चित्र आलं का ते सांगायला खाली कुणीतरी बसवा."

"आहेत की आमचे हे," मावशी म्हणाली. आणि दुकानाबाहेर येऊन रडली.

घरी येऊन त्याच संध्याकाळी तिने वायर टीव्हीला जोडली, टीव्ही चालू केला आणि शिडीने माळ्यावर चढली. अँटेना वाशाला बांधला. सवयीने ओरडली, "अहो, आलं का चित्र?"

शांतता.

मग...

"नाही गं. जरा डावीकडे."

काकांचा आवाज! तोच घोगरा. 'गं' तसाच लांबवलेला.

मावशीला हसावं की रडावं कळेना. "अहो, तुम्ही बोललात!"

"आलं... आलं... गेलं बघ. अजून आत घे."

तिने अँटेना सोडवला, आत सरकली. पुढे फळ्या संपल्या होत्या. खाली नुसता पातळ प्लायवूड.

"पुढे पाय ठेवायला जागा नाही हो!"

"काही होत नाही. ये..."

'जा' नाही. 'ये'.

आवाज खालून येतच नव्हता. समोरच्या काळोखातून येत होता.

तिला ते कळलं. तरी तिने पाय उचलला. इतकी आसुसली होती ती त्या आवाजाला.

तेवढ्यात खालून...

टक्. टक्. टक्.

पलंगाच्या लोखंडी दांड्यावर कुणीतरी चमचा आपटत होतं. जिवाच्या आकांताने.

"ये ना गं..."

टक् टक् टक् टक्!

मावशी कशी खाली आली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

काका घामाने निथळत होते. डोळे छताला लागलेले. बोटांत उशाशी ठेवलेला भरवायचा चमचा. टीव्हीवर नुसत्या मुंग्या... वायर मघाशी चढतानाच ओढली जाऊन निसटली होती. चित्र आलंच नव्हतं.

"तुम्हीच बोललात ना? अहो, एकदा हो म्हणा!" मावशी त्यांना गदागदा हलवत राहिली.

काकांनी फक्त डोळे मिटले.

दुसऱ्याच दिवशी सुताराने माळ्याचं झाकण खिळे ठोकून बंद केलं. पुढे काकाही गेले. शेवटपर्यंत एक शब्द न बोलता.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. सहज वर पाहिलं. झाकणाला एकही खिळा नव्हता.

"मावशी, हे काय?"

तिने माळ्याकडे पाहिलं.

"आता घरात बोलायला दुसरं आहेच कोण रे?"