निखारा आणि काकांची घागर

तांब्याची घागर. चिंचेने घासलेली, आरशासारखी.

टाकीचं झाकण. धाड!

राजेगावहून येणारी बस आणि खिडकीतून उलटी करणारा अश्विन.

पांढऱ्या रांगोळीची पुडी.

बोटभर लांब, वरून काळाभोर, खालून लालभडक.

हा शेवटचा म्हणजे निखारा, दीप्तीचा न्यूट. दिसतो पालीसारखा, पण असतो बेडकांच्या गोतातला आणि राहतो पाण्यात. मोतीलालकाकांनी न बघता त्याच्या काचेच्या टाकीचं झाकण आपटलं आणि त्याचा पुढचा पाय चिरडला. "पालच तर हाय!" म्हणून काका पाणी प्यायला निघून गेले.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं : पसरट टब, रात्रभर बादलीत ठेवलेलं नळाचं पाणी आणि शांतता. हळद मुळीच नाही! (काकांनी वाटी कालवून ठेवलीच होती.)

दिवाळीची सुट्टी होती. फटाके सोडून दीप्ती, सुट्टीसाठी राजेगावहून आलेला तिचा चुलत भाऊ अश्विन आणि शेजारची राखी दिवसभर टबाजवळ बसत. तरी निखारा खंगत चालला. नाकासमोर गांडूळ वळवळलं तरी तोंड उघडेना. उलट टबाच्या कडेवर चढून बाहेर पडू बघायचा.

"पाण्यातला जीव पाण्यातूनच काहून पळून राह्यला?" अश्विन म्हणाला.

"अन् पाणी वाढून कसं राह्यलं?" राखीने टबावरची रेघ दाखवली. संध्याकाळी रेघेपर्यंत भरलेलं पाणी सकाळी रेघेच्या वर!

"कोणीतरी ओतते," दीप्ती म्हणाली. "असंच चाललं तर मरंल ना तो!"

"काकाले विचारू?" अश्विन म्हणाला.

"नको रे बाबा! ते तांब्यावर भाषण देतील!"

काका मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत ठेकेदार. तांब्याच्या घागरीतलं पाणी प्यायलं की साखर उतरते, डोकं चालतं, केस उगवतात, असं ते येईल त्याला सांगत. त्यांचं स्वतःचं टक्कल घागरीइतकंच चकाकायचं.

रात्री मुलांनी टबाभोवती रांगोळी पसरून टाकली.

"अन् डिझाइन कुठं हाय?" काकांनी विचारलं.

"सकाळी दिसंल, काका!"

दिसलं! टबापासून घागरीपर्यंत पांढरी पावलं. आणि घागरीजवळ, तळवे पांढरे, हातात तांब्या, साक्षात काका!

"शुद्ध पाणी देऊन राह्यलो त्याले! तुमचं बादलीतलं शिळं पाणी काय कामाचं?"

दीप्तीने डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"तांब्याचं पाणी?" डॉक्टरबाई ओरडल्या. "अहो, न्यूट कातडीतून पाणी आत घेतो! त्याच्यासाठी तांबं म्हणजे विष! आधी पाणी बदला!"

राखीने निखाऱ्याला ओल्या हातांनी उचललं, अश्विनने टब रिकामा केला, दीप्तीने बादली ओतली. काका मध्ये उभे राहून सगळ्यांना अडचण करत होते.

दोन दिवसांनी निखारा तळाशी निवांत बसला. मग गांडूळ आलं आणि गट्टम!

"हुर्रे!"

आजी, म्हणजे काकांची आई रुख्माबाई, दारातून बघत होती. "तो मुका जीव बाहेर निंघून निंघून सांगून राह्यलता. पोट्ट्यायले समजलं, माह्याच पोराले नाई समजलं! शाब्बास रे पोट्टेहो!"

त्या रात्री टबासाठी नळाची बादली काकांनी स्वतः भरून ठेवली. हीही एक दिवाळीच.

झाकण आपटलं त्या दिवशी काका जे पाणी प्यायले, ते फ्रिजमधल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं होतं.